उसनी झोप

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पूर्वी फक्त दुधाचा हिशेब असायचा. रोजचं एक लिटर, पाहुणे आले तर दीड, दूधवाल्याने दांडी मारली की फुली. काही वर्षांपूर्वी त्याच चौकोनांत निळ्या पेनाने आणखी आकडे पडायला लागले: 'पो २', 'सा ९०', 'धा १५'. पोहणं दोन किलोमीटर, सायकल नव्वद, धावणं पंधरा. नवऱ्याने गोव्याच्या आयर्नमॅनची तयारी सुरू केली होती आणि तिचा जमाखर्च दुधाच्या शेजारी मांडला जात होता.

गोव्यात २०१९ साली सुरू झाली ती अर्ध्या अंतराची शर्यत. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, अंगावरचं पाणी निथळत असतानाच सायकलवर बसून ९० किलोमीटर कापायचे, आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट: ३.८, १८० आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन, तीही बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आत. १९७८ मध्ये हवाई बेटांपैकी ओआहूवर अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी ही पूर्ण अंतराची शर्यत सुरू केली. तेव्हा १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. जॉनचं नाव सगळीकडे लगेच भेटतं. ज्युडीचं नाव मला शोधावं लागलं, आणि ते शोधावं लागलं ही गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून रुतून बसली आहे. मी हा खेळ स्वयंपाकघरातून पाहिला, आणि तिथून जे दिसतं ते शेवटच्या कमानीखालच्या फोटोत कधी येत नाही.

आधी आमच्या वेळेचा हिशेब सांगते, कारण सगळं त्यावर अडतं. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. आमचं घर जुन्या बदलापूर गावात, उल्हास नदीच्या बाजूला. म्हणजे स्टेशनपर्यंत आधी रिक्षा, मग गाडीची वाट, दीड तासाच्या वर प्रवास आणि पलीकडे उतरून चालणं. जाऊन येऊन दिवसाचे चार तास, आठवड्याचे वीस. जगातले व्यावसायिक ट्रायथलीट आठवड्याला साधारण पंचवीस ते तीस तास सराव करतात. त्यांच्या सरावाच्या जवळ जाईल एवढा वेळ आमच्या इथला नोकरदार नुसता लोकलच्या कडीला धरून उभा असतो, आणि त्याला हे वेड लागलंच तर त्यावर आणखी दहा-बारा तास चढवतो. तेवढे तास कुठून काढायचे? नवरा संध्याकाळी परतताना डोंबिवलीला उतरून तरणतलावावर जायचा. धावणं पहाटे साडेचारला. रविवारी चारलाच सायकल काढून उल्हासवरचा पूल ओलांडायचा, मुळगावच्या खंडोबाची टेकडी मागे टाकून बारवीच्या रस्त्याला लागायचा, तिथून मुरबाड. मोठी रपेट असली की माळशेजच्या पायथ्यापर्यंत.

मला वाटायचं, हा रोज जीव तोडून पळत असणार. मग कळलं की लांब पल्ल्याचे व्यावसायिक खेळाडू बहुतेक सराव हळू करतात, इतका हळू की सोबतच्या माणसाशी गप्पा मारता याव्यात. अशा सावकाश तासांनी स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली ऊर्जाकेंद्रं वाढतात, आणि शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं. हे शिकणं गरजेचं असतं, कारण स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर काही तासांतच संपत येते. वाटेत खात राहावं लागतं. अव्वल खेळाडू सायकलवर तासाला ९० ग्रॅम, काही त्याहूनही जास्त कर्बोदकं पोटात ढकलतात, आणि पळत्या शरीराने ती पचवावीत म्हणून आतड्यालाही महिनोन्‌महिने सवय लावतात. आमच्याकडे हा प्रयोग राजगिऱ्याचे लाडू, केळी, मिठाचे उकडलेले बटाटे आणि गुळाचं पाणी यांवर झाला. वजनकाट्यावर बटाटे मी मोजले. त्या कामात मला खरोखर रस वाटला. माणसाचं शरीर इतकं शिकवण्याजोगं आहे, हे रोजच्या पोळीभाजीच्या धबडग्यात कधी लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मात्र सगळं बिघडलं. त्याची सकाळची नाडी, जी ५२ असायची, ती ६० च्या वर राहायला लागली. पाय जड, भूक गेलेली, बोलणं तुटक. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि औषध न देता विचारलं, "झोपता किती?" साडेपाच तास, तो म्हणाला. डॉक्टरांनी सांगितलं ते मला पाठ आहे: व्यायामाने शरीर फक्त मोडतं, बांधलं जातं ते झोपेत. तुम्ही नुसती मोडतोड करताय.

व्यावसायिकाला हे पक्कं ठाऊक असतं. तो रात्री नऊ तास झोपतो, दुपारी पुन्हा पडतो, आणि त्या झोपेला कामाचे तास समजतो. आपल्याकडचा हौशी माणूस त्याचा सराव उचलतो, त्याची सायकल आणि बूट उचलतो, फक्त त्याची झोप उचलत नाही, कारण ती दुकानात मिळत नाही. ती घरातूनच काढावी लागते. आमच्याही घरातून निघाली. तो सकाळी तासभर जास्त झोपू लागला, म्हणून डबे आणि पाण्याची मोटर माझ्याकडे आली आणि मी अर्धा तास आधी उठू लागले. रविवारी दुपारी तो झोपायचा, म्हणून आमच्या धाकट्या मुलीने आवाज करायचा नाही, आणि सासूबाईंनी आपली मालिका आवाज बंद करून, नुसती तोंडं बघत बघायची. त्याची नाडी पुन्हा ५२ वर आली. माझी कोणी मोजत नव्हतं.

शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती परत करायची असते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. झोप उसनी घेतली तर परत करायची असते, हे कुणी शिकवलं नाही.

म्हणून मग मी थोरामोठ्यांची घरं बघायला लागले, वाचून. जर्मनीचा यान फ्रोडेनो तीन वेळा आयर्नमॅनचा जगज्जेता. त्याची पत्नी एम्मा स्नोसिल ऑस्ट्रेलियाची, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनची दोन्ही सुवर्णपदकं या दोघांचीच, एक पुरुषांचं आणि एक स्त्रियांचं. त्याचं पहिलं जगज्जेतेपद २०१५ चं. एम्मा त्याआधीच निवृत्त झाली होती. २०२० च्या टाळेबंदीत फ्रोडेनोने स्पेनमधल्या जिरोना इथल्या आपल्या घरातच पूर्ण आयर्नमॅन केला. छोट्या तलावात उलट्या प्रवाहात पोहला, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर १८० किलोमीटर कापले, फिरत्या पट्ट्यावर मॅरेथॉन धावला. साडेआठ तासांच्या आसपास वेळ लागला आणि त्यातून मोठा मदतनिधी उभा राहिला. मला त्या दिवसाचं आकर्षण अशासाठी वाटतं की एरवी शर्यत बाहेर असते आणि घर तिच्या मागे लपलेलं असतं. त्या दिवशी शर्यत घरातच होती.

उलटं उदाहरणही आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचं सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची ग्वेन जॉर्गनसन. तिचा नवरा पॅट्रिक लेमियू स्वतः व्यावसायिक सायकलपटू होता. त्याने आपली कारकीर्द थांबवली आणि स्वयंपाक, सायकलींची देखभाल, प्रवासाची व्यवस्था हे सगळं हातात घेतलं. त्याचं कौतुक जगभर छापून आलं. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण बाई हेच करते तेव्हा त्याची बातमी होत नाही, हा विचार मला सोडत नाही. आणि २०२२ मध्ये चेल्सी सोडारोने हवाईतल्या कोना इथे आयर्नमॅनचं जगज्जेतेपद घेतलं तेव्हा तिची मुलगी दीड वर्षाची होती. बाळंतपणानंतर मनाची काय अवस्था झाली होती, हे ती उघड बोलली. मला तिचं पदक जेवढं मोठं वाटतं, तेवढंच ते बोलणं मोठं वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न जुन्या लोकांनी वेगळ्या रीतीने सोडवला होता. कुस्तीची तालीम पैलवानाला घरापासून तोडूनच टाकायची. पोरगं तालमीत राहायचं, वस्तादाच्या नजरेखाली; खुराक, मालिश, दुपारची झोप सगळं तिथे. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात पैलवानाच्या खुराकाची काळजी दरबार वाहायचा, म्हणजे त्याच्या विश्रांतीचाही खर्च राज्य उचलायचं. राजाश्रय गेला आणि तो खर्च घरावर आला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले, तर त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केल्याचं सांगतात. ही गोष्ट ऐकताना आपण प्राचार्यांना वंदन करतो. मला आता त्या गहाण पडलेल्या घरातल्या माणसांचीही आठवण येते, त्या रात्री त्यांना झोप कशी लागली असेल याची.

मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण आयर्नमॅन पार केला तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. वेळ १५ तास १९ मिनिटं. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी तर हे अंतर वीसहून अधिक वेळा पूर्ण केलं आहे, आणि त्यांच्या हाताखाली कितीतरी मराठी माणसं तयार झाली. माझ्या नवऱ्याचं वेड या दोघांच्या बातम्यांतूनच आलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र २०१६ मधलं एक दृश्य राहिलं: मिलिंद धावताहेत आणि शेजारी त्यांची सत्तरी ओलांडलेली आई, उषा सोमण, नऊवारी-पाचवारीचा विचार न करता, साडीतच, अनवाणी धावते आहे. घरचं माणूस पहिल्यांदा चौकटीत आलं होतं. सासूबाईंनी ते तीनदा लावायला सांगितलं.

२०२३ मध्ये कोनाची जागतिक स्पर्धा इतिहासात पहिल्यांदा फक्त स्त्रियांसाठी झाली आणि दोन हजारांहून जास्त जणी तिथे उतरल्या. जिंकली ती ल्युसी चार्ल्स-बार्कली, जी आधी चार वेळा दुसरी आली होती. एरवी या खेळात जगभर बायका कमी दिसतात. कारण ताकदीचं असेल यावर माझा विश्वास नाही. सकाळी ६ च्या लोकलला कामावर जाताना माझ्याबरोबर असणाऱ्या बायकांची चिवटाई मी वीस वर्षं पाहते आहे. त्यांच्याकडे नसतो तो रविवार.

आणि त्याच लोकलच्या बायकांच्या डब्यात मला उत्तर सापडलं, इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेलं. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत आमच्या गटाला बसायला मिळतं, पण सगळ्यांना नाही. म्हणून ठरलेलं आहे: बसलेलीने ठाण्यापर्यंत बसायचं, झोपायचं असेल तर झोपायचं, ठाणं आलं की उठून उभं राहिलेलीला जागा द्यायची. ठाणं सीएसएमटीपासून ३४ किलोमीटर, बदलापूरपासूनही ३४. बरोबर मध्य. कुणाला उठवायला लागत नाही. झोपलेल्या बाईला मुंब्र्याचा बोगदा गेला की आपोआप जाग येते. आजारी असली तर "बस गं, आज नको उठूस" म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी ती आठवणीने आधी उठते. वीस वर्षांत यावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि कुठल्या संघटनेने ठरवलेलं नाही. थकलेल्या बायकांनी दुसरीचा थकवा आपल्या थकव्याइतकाच खरा मानला, त्यातून ते तयार झालं.

मी हे घरी सांगितलं. रागाने नाही सांगितलं. आकडे लिहून दाखवले. कालनिर्णयाच्या एका महिन्यात प्रत्येक चौकोनात घरातल्या सगळ्यांची झोप टिपली: त्याची निळ्या पेनाने, माझी लाल, सासूबाईंची पेन्सिलने. धाकटीने स्वतःची हिरव्या स्केचपेनने काढली. महिनाअखेरीस तो पानासमोर बराच वेळ उभा होता. शर्यतीच्या घड्याळावरचे आकडे वाचायची सवय असलेल्या माणसाला हे आकडे वाचायला वेळ लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या वेळी कुणी लिहिलं असतं तर पेन्सिल झिजली नसती." त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

पुढच्या वर्षी त्याने गोव्याला नाव दिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दिलं, कमी सरावावर, आणि पूर्वीपेक्षा मंद वेळेत पूर्ण केलं. गुरुवारी संध्याकाळी आता डोंबिवलीला मी उतरते. उल्हासच्या काठावर जन्म गेला, पण पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला मी बेचाळिसाव्या वर्षी शिकते आहे. आठवड्यातून एक तास. त्या दिवशी घरी जेवायला काय आहे, हे मला घरी पोचल्यावर कळतं.

रविवारी तो अजून चारला निघतो. मी झोपलेली असते. बारवीच्या रस्त्यावरून तो परत येतो तेव्हा आठ वाजायला आलेले असतात, पाय चिखलाने माखलेले, पोटात भूक. धाकटी फाटकाशी टपून बसलेली असते. सायकल वळणावर दिसली की ती तिथूनच ओरडते, "बाबा, ठाणं आलं!" आणि तो हेल्मेट काढून खुंटीला लावतो, हात धुतो आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतो.