वेळापत्रक कुणाचं?

विशेष गरजा असलेल्या मुलाला घरी शिकवायचं ठरवलं की पहिला सल्ला मिळतो तो लवचीक वेळापत्रकाचा. सल्ला चांगलाच आहे. पण ते कुणी वाकवायचं आणि कुणासाठी, हे त्यात राहून जातं. वरवर सोयीचा वाटणारा हा प्रश्न मला नीतीचा वाटतो.

स्वमग्न मुलाचं उदाहरण घेऊ. घड्याळात साडेदहा वाजले की नाही, याच्याशी त्याला बहुधा कर्तव्य नसतं. कशानंतर काय, हे मात्र त्याला कळायला हवं असतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने १९७२ साली उभ्या राहिलेल्या ‘टीच’ कार्यक्रमाने या गरजेची नीट दखल घेतली. दिवसाची कामं चित्रांतून वरून खाली लावायची. चित्र कळत नसेल तर वस्तूच ठेवायची: टॉवेल म्हणजे अंघोळ, चमचा म्हणजे जेवण. काम झालं की ती खूण काढून डब्यात टाकायची. असं मूल भिंतीकडे बघून आपला दिवस वाचायला शिकतं.

आणि मग अचानक पाहुणे येतात. घाईघाईत झोक्याचं चित्र पट्टीवरून काढलं जातं. आपल्या लेखी ही तडजोड. मुलाच्या लेखी दिलेला शब्द मोडला. त्यानंतरच्या आकांताला आपण ‘हट्ट’ म्हणतो, पण शब्द मोडल्यावर मोठी माणसंही काही कमी चिडत नाहीत. बदल करूच नये असं नाही. पाहुणे येणार, वीज जाणार, गणपतीत ढोल वाजणार. म्हणून बदलाचीही एक खूण असावी, समजा निळं कार्ड, आणि तिची ओळख आधी आवडत्या बदलांतून करून द्यावी. गणिताच्या जागी साबणाचे फुगे! मग कधीतरी झोक्याच्या जागी पाहुणे आले तरी निळा रंग म्हणजे संकटच, असं त्याला वाटत नाही.

प्रश्न इथून पुढचा आहे. हे निळं कार्ड मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर असतं का? बहुतेक घरांत वेळापत्रक वाकवण्याचा हक्क मोठ्यांकडेच राहतो आणि लवचीक होण्याची जबाबदारी मुलाकडे जाते. न बोलणाऱ्या मुलाला आपण ‘नको’चं कार्ड शिकवतो, पण त्याने ते नेमकं वाचनाच्या वेळी पुढे केलं की ‘एवढं संपव, मग’ म्हणतो. तो ‘नको’ मानायचाच नसेल तर कार्ड कशाला दिलं? फिट्सचं औषध टाळता येत नाही, हे खरं. तिथे ‘नको’ समोर ठेवूच नये. गोळी पाण्याबरोबर की दह्याबरोबर, एवढंच विचारावं. जिथे निवड नाही तिथे निवडीचं नाटक न करणं हाही मुलाचा मान राखणंच आहे.

‘आधी-मग’च्या पाटीबद्दलही मला शंका आहे. आधी गणित, मग झोका. पाटी उपयोगी आहे, घराघरांत चालते. पण दिवसातली प्रत्येक आवडती गोष्ट अशी कमवावी लागली तर त्या मुलाचं स्वतःचं असं काय उरतं? आपण सकाळचा चहा कुणाच्या परवानगीने पितो? दिवसातला एखादा झोका तरी कशाचंही बक्षीस नसलेला, फुकटचा असावा.

मुलाच्या दिवसाला शिक्षणाने जुळवून घ्यावं, हा विचार आपल्याकडे नवा नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. कायद्यानेही थोडी वाट दिली आहे: शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. मुक्त विद्यालयाच्या नोंदणीत दहावीचे विषय पाच वर्षांत, हवे तसे थोडेथोडे देता येतात. मात्र शाळेने ‘तुम्ही घरीच शिकवा’ म्हणून हात झटकले, तर त्याला पर्याय म्हणता येत नाही. मुलाला शाळेबाहेर काढण्याचं ते सभ्य नाव झालं.

शेवटी आईबद्दल, कारण घरी शिकवणारी बहुधा तीच असते. मुलाचा दिवस हवा तसा वळावा म्हणून तिचा दिवस पूर्ण बांधला जातो. नोकरी सुटते, दुपारची झोप जाते, आणि हळूहळू तिच्या प्रत्येक वाक्यात शिकवणी येते: हा कुठला रंग, किती पोळ्या झाल्या. मुलाने आईला विचारावं आणि तिने परीक्षा न घेता उत्तर द्यावं, असा वेळ उरत नाही. चित्रांच्या पट्टीचा मोठा फायदा मला इथे दिसतो. वेळापत्रक आईच्या डोक्यात असेल तर तीच अडकते आणि मूलही तिच्यावाचून हलत नाही. भिंतीवर असेल तर आजीला वाचता येतं, शेजारच्या ताईला येतं, बाबांनाही येतं. रविवारी बाबांनी पट्टी लावली तर तिच्यात गणित नसेल, बहुधा दोनदा भजी असतील. असू देत. आईने तेवढ्यात खोलीचं दार लावून झोपून घ्यावं.