आठ कलांची चूक

चि. मुक्ता,


तुझा केप्लरवरचा निबंध काल रात्री वाचला. गणित चोख आहे. पण भातातला खडा काढावा तसा त्यातला देव तू वेचून बाहेर टाकलास. ती पानं पुन्हा लिही.

केप्लर ट्यूबिंगेनला शिकत होता तो धर्मोपदेशक व्हायला. १५९४ मध्ये मनाविरुद्ध त्याला ग्राझला गणित शिकवायला जावं लागलं. तिथं पुढच्याच वर्षी त्याच्या मनानं घेतलं की, तेव्हा माहीत असलेल्या सहा ग्रहांमधल्या पाच जागांत देवानं पाच सुसम घनाकृती बसवल्या आहेत. कल्पना साफ चुकीची, आणि ती त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. पण हे विश्व कुणीतरी मोजूनमापून रचलंय अशी खात्री नसती, तर ग्रह सहाच का, हा प्रश्न त्याला पडलाच नसता.

मग मंगळ. टायको ब्राहेच्या नोंदींवरून त्यानं मंगळाची वर्तुळाकार कक्षा बसवली. ताळा जमत आला, पण आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे किती? आज चंद्र उगवला की हात लांब करून करंगळी त्याच्यापुढे धर. चंद्र अख्खा झाकेल. त्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा, एवढाच तो फरक! टॉलेमीच्या वेधांत दहा कलांचं कमीजास्त चालत असे. केप्लरनं मात्र लिहून ठेवलंय की, टायकोसारखा काटेकोर वेध घेणारा माणूस ही देवाची देणगी आहे, म्हणून या आठ कला सोडता येत नाहीत. त्यानं वर्तुळच सोडलं. १६०९ च्या ग्रंथात मंगळ लंबवर्तुळात फिरू लागला. मुक्ता, इथं श्रद्धेनं त्याला पुराव्याशी बांधून ठेवलंय. हे तुझ्या निबंधात यायलाच हवं.

आणि श्रद्धा व धर्मपीठ एकाच पिशवीत कोंबू नकोस. लिंझला त्याच्याच ल्यूथरपंथी धर्मगुरूनं त्याला प्रभुभोजन नाकारलं, कारण पंथाच्या मसुद्यातलं एक कलम पटत नसताना तो सही करेना. पंथ बदलायलाही तो तयार झाला नाही.

लिहायला बसण्याआधी मंगळाचं गणित एकदा हातानं करून बघ, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून. ती वर्तुळाकार कक्षा बसवायला त्यानं ते सत्तर वेळा केलं होतं.

तुझा,
अण्णामामा