सुट्टीतला पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत एकाच्या भातावर तूप आणि दुसऱ्याच्या पानात नुसता भात, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. वाढणाऱ्याच्या हातून तो होऊ नये, असा संस्कार जुनी माणसं आवर्जून देत. दुधाची ॲलर्जी असलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे हा प्रपंच नाइलाजाने घडतच असतो. घरी तो फारसा टोचत नाही, कारण घरचं स्वयंपाकघर हळूहळू त्या मुलाच्या सोयीने वळण घेतं. सहलीला निघालं की मात्र तो उघडा पडतो. महाबळेश्वरला सगळी भावंडं स्ट्रॉबेरी-क्रीमचे ग्लास घेऊन उभी असतात आणि एकाच्या हातात घरून आणलेला राजगिऱ्याचा लाडू असतो. त्या मुलाचं पोट भरलेलं असतं. तरीही सगळ्यांनी मिळून काही खाण्याचा जो आनंद असतो, त्यातून ते बाहेर राहतं.

अशा मुलाच्या सहलीचा विचार आपण चुकीच्या टोकाकडून सुरू करतो, असं मला वाटतं. ‘याच्यासाठी बरोबर काय न्यायचं?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. खरं तर ‘आपण सगळे मिळून काय खाऊ शकू आणि ते कुठे मिळतं?’ इथून सुरुवात व्हायला हवी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डब्यात संपतं. दुसऱ्या प्रश्नाने जागा, मुक्काम, जेवणाची वेळ आणि मोठ्यांच्या सवयी यांचा सगळाच हिशेब बदलतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्यात घोटाळा झाला तर पुढचं सगळं बिनसतं. दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूध पचत नाही, तेव्हा अडचण दुधातल्या लॅक्टोज या साखरेची असते. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर कमी पडतं, पोट फुगतं, दुखतं, जुलाब होतात. त्रास खरा असला तरी जिवावर बेतणारा नसतो. अशा काहींना दही किंवा थोडं तूप चालून जातं. ॲलर्जीत मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातल्या प्रथिनांवर, म्हणजे केसीनवर आणि निवळीतल्या प्रथिनांवर तुटून पडते. तिथे चमचाभर ताकसुद्धा अंगावर गांधी उठवू शकतं, ओठ सुजवू शकतं, क्वचित श्वास कोंडू शकतं. गाईचं चालत नाही म्हणून म्हशीचं किंवा शेळीचं दूध देऊन पाहणं धोक्याचं आहे, कारण त्यांतली प्रथिनं बरीचशी सारखीच असतात. तूप कितीही साजूक असलं तरी त्यात प्रथिनांचा अंश राहू शकतो. म्हणून सहलीच्या आधी मुलाच्या डॉक्टरांकडून नेमकं काय चालतं आणि काय नाही, हे लिहून घ्यावं. बरीच मुलं वाढत्या वयात या ॲलर्जीतून बाहेर पडतात. पण ती बाहेर पडली की नाही, हे तपासण्याची जागा दवाखाना आहे. धाब्यावर बसून ‘बघू या थोडंसं’ म्हणण्याची ही गोष्ट नव्हे.

आता जागेबद्दल. देशावरच्या आपल्या सहली दुधाच्या वाटेनेच जातात. साताऱ्याला थांबायचं ते कंदी पेढ्यांसाठी. नरसोबाच्या वाडीला दर्शन झालं की बासुंदी. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेलं धारोष्ण दूध. १९७० साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडनंतर देशाच्या दूध उत्पादनाला वेग आला आणि १९९८ पासून भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे. त्यातून कोट्यवधी मुलांच्या हातात दुधाचा पेला आला, हे मोठंच काम झालं. पण त्याच ओघात तूप, पनीर, चीज, क्रीम आणि दुधाची पावडर हॉटेलच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात शिरली. भाजीत क्रीम, नानच्या पिठात दही, तंदुरीच्या मसाल्यात दही, पावभाजीच्या तव्यावर लोणी आणि त्याच तव्यावर डोसा. दूध वर्ज्य असलेल्या मुलाला घेऊन या वाटेने गेलं की प्रत्येक थांब्यावर ‘नको’ म्हणावंच लागतं.

घाट उतरला की चित्र पालटतं. कोकणातली परंपरागत गाय अंगाने लहान, दुधाला कमी, शेतीच्या कामाला चिवट. दुधाची चंगळ तिथे नव्हती, म्हणून तिथल्या स्वयंपाकाने नारळाला हाताशी धरलं. सोलकढी नारळाच्या रसाची. शिरवाळ्यांबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस. घावणे, आंबोळ्या, काजूची उसळ, कुळथाची पिठी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मे महिन्यातली फणसाची सांदणं, काकडीचं धोंडस, गुळाचा मालवणी खाजा, आंबापोळी, फणसपोळी. पुढे गोव्यात सान्नां, खतखतें, नारळाच्या रसातलं मणगणें आणि दोडोल. आणखी खाली केरळात अप्पम आणि नारळाच्या रसातला इष्टू. यातल्या एकाही पदार्थाचा जन्म दुधाला पर्याय म्हणून झालेला नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांचं पूर्ण आणि अभिमानाचं जेवण आहे. सोया दुधाचं आइस्क्रीम हातात दिलं की मुलाला कळतं, हे खऱ्याच्या जागी आलेलं आहे. शिरवाळ्यांचा वाडगा पुढे आला की तसं काही वाटायचं कारणच उरत नाही. दूध वर्ज्य असलेल्या मुलाची सहल किनाऱ्याकडे वळवावी, असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

मालवणच्या बाजूला आम्ही एका घरगुती मुक्कामात उतरलो होतो. बरोबर माझा सात वर्षांचा भाचा होता, ज्याला दुधाची ॲलर्जी आहे. बहिणीने निघण्याआधीच फोन करून सगळं सांगितलं होतं, तरी पोचल्या पोचल्या ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली. घरच्या काकींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “नारळ आसा मां!” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खापरोळ्यांचा घाट घातला. तांदूळ, उडीद डाळ आणि मेथीचं पीठ रात्रीच आंबवलेलं होतं. तव्याला तेल लावायला नारळाची शेंडी वापरतात. जुनी शेंडी तुपातही बुडाली असेल म्हणून त्यांनी ती बाजूला टाकली आणि नवी घेतली. तवा घासून घेतला. भाच्याला त्यांनी वाटलेल्या खोबऱ्याचं फडकं पिळायला बसवलं. पहिला दाट रस निघाला, मग पाणी घालून दुसरा. त्यात गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “हे फक्त माझ्यासाठी?” काकी म्हणाल्या, “नाय रे, सगळ्यांक.” त्या दिवशी रसाचं पातेलं त्याच्याकडेच होतं. मोठ्या मावसभावाला तो आग्रह करकरून वाढत होता. एरवी दर पंगतीत त्याला हातावर हात ठेवून बसावं लागतं, आज आग्रह करणारा तो स्वतः होता.

मुलाला द्यायचं सुख ते हेच, असं मला वाटतं. चवीपेक्षाही ते बरोबरीचं आहे. कुटुंबाने दिवसातलं निदान एक जेवण असं ठरवावं की जे मूल खाईल तेच सगळे खातील आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. ‘तुझ्यामुळे आज पनीर नाही’ हे वाक्य एकदा कानावर पडलं, तरी त्या जेवणाचा अर्थ जातो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. एकासाठी बाकीच्यांनी सुट्टीत मन का मारायचं? शिवाय जग काही त्याच्यासाठी बदलणार नाही, मग त्याला आतापासूनच सवय नको का? यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. मुलाने आपली काळजी घ्यायला शिकलंच पाहिजे. सहा-सात वर्षांच्या मुलाने ‘मला दुधाची ॲलर्जी आहे, यात तूप किंवा दही आहे का?’ हे वाढप्याला स्वतः विचारावं, आईवडिलांनी शेजारी उभं राहावं. पण विचारायला शिकणं वेगळं आणि दर जेवणाला सगळ्यांदेखत नकार देत राहणं वेगळं. पहिल्याने मूल धीट होतं, दुसऱ्याने ते हळूहळू पंगतच टाळू लागतं. आणि बाकीच्यांच्या मन मारण्याचं म्हणाल, तर ज्या भावंडाने बहिणीसाठी चार दिवस आइस्क्रीम दुसऱ्या वेळी खाल्लं, त्याने त्या सुट्टीत काही गमावलं असं मी मानत नाही. ते जे शिकलं, ते शाळेत शिकवता येत नाही.

मात्र कोकण म्हणजे आपोआप सुरक्षित, असं कुणी समजू नये. सोलकढीत काही जण ताक घालतात. उकडीच्या मोदकावर तुपाची धार न विचारता पडते. बेबिंका तुपाशिवाय होत नाही. पर्यटकांच्या हॉटेलात आमरसात दूध आणि कोळंबीच्या रश्शात क्रीम सापडू शकतं. म्हणून ‘यात दूध आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. स्वयंपाक्याच्या लेखी फोडणीचं तूप हे दूध नसतंच, तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय, खवा, पनीर, चीज, दुधाची पावडर ही नावं एकेक करून विचारावीत. तवा आणि डाव वेगळा मिळेल का, हेही विचारावं. गर्दीची वेळ टाळून साडेबारापूर्वी जेवायला बसलं, तर स्वयंपाक्याला ऐकायला सवड असते. मोठ्या हॉटेलच्या बुफेत एकाच्या पळ्या दुसऱ्याच्या भांड्यात फिरतात. त्यापेक्षा घरगुती खानावळ बरी, कारण तिथे रांधणाऱ्या माणसाशी थेट बोलता येतं.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये. तो पदार्थ शाकाहारी असल्याचं सांगतो, आणि आपल्याकडे दूध शाकाहारातच येतं. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पाकीटबंद पदार्थात दूध असेल, तर तसं वेगळं छापावं लागतं. घटकांच्या यादीखालची ती ओळ दर वेळी वाचावी, नेहमीच्या बिस्किटाची आणि वेफर्सचीसुद्धा. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनीही ॲलर्जीची माहिती द्यावी, असं तेच नियम सांगतात. छोट्या खानावळीला हे बंधन नाही. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून सुट्या, ताटात वाढल्या जाणाऱ्या पदार्थांबद्दलही १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते. पर्यटनाला उद्योग म्हणणाऱ्या आपल्या राज्यांनी निवास-न्याहारीच्या परवान्यांबरोबर निदान अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्यायला काय हरकत आहे? स्वच्छतागृहाची तपासणी होते, तशी ‘पाहुण्याला ॲलर्जी आहे का’ हा प्रश्न विचारला जातो की नाही, याचीही व्हावी.

सगळ्यांत अवघड जागा मात्र हॉटेल नव्हे, आपलीच माणसं आहेत. वाटेत मामाकडे थांबलं की आजी म्हणते, “एवढ्याशा तुपाने काय होतंय?” देवळात पंचामृत आणि सत्यनारायणाचा शिरा पुढे येतो, आणि प्रसादाला नाही म्हणायचं कसं, हा पेच पडतो. यात कुणाचंच मन वाईट नसतं. आपल्याकडे माया वाढण्यातूनच व्यक्त होते, म्हणून तर ती थोपवणं कठीण. इथे मुलाला पुढे करू नये. आईने किंवा बाबांनी आधीच सांगावं आणि त्याबरोबर करण्यासारखं कामही सोपवावं. आजीला ‘देऊ नका’ म्हटलं की ती दुखावते. ‘तुमच्या हातची नारळाच्या रसातली खीर याला द्या’ म्हटलं की ती कामाला लागते. देवळात खडीसाखर, केळं, खोबरं हाही प्रसादच आहे. तो भक्तीने घ्यायला मुलाला शिकवावं.

आनंदाच्या या सगळ्या बोलण्याला सावधपणाचा पाया हवा. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं असेल, तर ते डिकीतल्या बॅगेत ठेवू नये, हातातल्या पिशवीत असावं. उन्हात तापलेल्या गाडीत ते सोडून जाऊ नये. ते कसं द्यायचं, हे बरोबरच्या निदान दोन मोठ्यांना यायला हवं. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, मूल गळून गेलं, तर गोळी देऊन वाट बघण्यात वेळ घालवू नये. इंजेक्शन द्यावं आणि १०८ ला फोन करावा. मुक्कामापासून जवळचं रुग्णालय कोणतं, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावं. घरून नेलेला डबाही असावाच, तो अडीअडचणीसाठी. ही तयारी मोठ्यांनी मुकाट्याने केली की मुलाला समुद्राकडे बघायला मोकळीक मिळते.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी ठरवताना एवढंच करा. खोलीतून समुद्र दिसतो का, हे विचारण्याआधी तिथे रांधतं कोण, हे विचारा, आणि त्या माणसाशी फोनवर पाच मिनिटं बोला. मुलाला काय चालत नाही, ते सांगा. मग त्याला जे चालतं, ते तुम्हा सगळ्यांना वाढायला सांगा.