समोरच्या बाकावरचा चेहरा

दिल्ली मेट्रोत बाकं समोरासमोर असतात. राजीव चौकात गर्दी उतरली की समोरचे चेहरे दिसू लागतात आणि आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो, हे काका तिरसट, ती मुलगी शिष्ट. प्रिन्स्टनच्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव यांनी 2006 साली दाखवलं, की अनोळखी चेहऱ्याबद्दल मत बनायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. आणखी वेळ मिळाला तर मत फारसं बदलत नाही, उलट त्याची खात्री वाढते!

नुसत्या दिसण्यावरून आपण मूर्तींबद्दलही असंच ठरवून टाकतो. राष्ट्रीय संग्रहालयातली मोहेंजोदडोची कांस्यमूर्ती आठवा. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, वय सुमारे साडेचार हजार वर्षं. कमरेवर हात, मान किंचित मागे. 1926 साली ती सापडली आणि आपण तिला 'नर्तकी' म्हणू लागलो, केवळ तिच्या उभं राहण्यावरून. कुणाला ती उद्धट वाटते, कुणाला आत्मविश्वासानं भरलेली. मला तर ती फार आवडते.

परवा मेट्रोत अशाच एका तिरसट वाटलेल्या काकांच्या खांद्यावर डोकं टेकून एक अनोळखी पोरगा झोपला होता. काका हलले नाहीत. हौज खास आलं, तेव्हा त्यांनी त्याला हळूच उठवलं, "बेटा, तुम्हारा स्टेशन." उतरायचं ठिकाण त्यानं आधी सांगून ठेवलं होतं.