उलटा प्रश्न



ॲट्रॉसिटीच्या खटल्यात आपली बाई साक्षीला उभी राहते. आरोपीचा वकील तासन् तास उलटे प्रश्न करतो. बाहेर आपली पोरं चिडतात. या हरामखोराला प्रश्न विचारायचा हक्क दिला कुणी?

राग खरा. पण सवाल तपासून बघू.

अमेरिकेच्या घटनेत १७९१ सालीच लिहिलं गेलं की साक्षीदाराने आरोपीच्या समोर येऊन बोललं पाहिजे. कागद गोड. मार्च १९३१ मध्ये अलाबामात मालगाडीतून नऊ काळी पोरं खाली ओढली. दोन गोऱ्या बायांनी सांगितलं, यांनी बलात्कार केला. वकील मिळाले ते खटल्याच्या सकाळी. त्यांनी धड उलटतपासणी केलीच नाही. एप्रिलमध्ये स्कॉट्सबरोच्या कोर्टात आठ जणांना फाशी ठोठावली.

१९३२ साली सुप्रीम कोर्टाने ते निकाल रद्द केले. १९३३ मध्ये हेवूड पॅटरसनचा खटला पुन्हा उभा राहिला. लीबोविट्झ वकिलाने फिर्यादी बाईला प्रश्नांनी घेरलं. दुसरी बाई, रूबी बेट्स, हिने जुनी जबानी फिरवली. कुणी हात लावला नव्हता म्हणाली. तरी गोऱ्या ज्युरीने फाशीच सांगितली! न्यायाधीश हॉर्टनने मात्र बाईचा शब्द पुराव्याशी ताडून पाहिला आणि निकाल मोडला. पोरं त्यानंतरही वर्षानुवर्षं तुरुंगात सडली.

म्हणजे नुसता प्रश्न पुरत नाही, ऐकणाराही माणूस लागतो. पण प्रश्नच नसता तर हॉर्टनच्या हातात काय उरलं असतं? नुसता गोऱ्यांचा शब्द.

आपल्याकडं चोरी झाली की बोट कुणाकडं वळतं? पारध्याच्या पालाकडं. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सरकारी जाहीरनामा हाच पुरावा. उलटं विचारणार कुणाला? गिरणीत चार्जशीट मिळालेल्या कामगाराला खातेचौकशीत वाचवतो तोही उलटा प्रश्नच.

आज हा हक्क पाटलाच्या पोराकडून काढा, उद्या आपल्याच पोराच्या हातात तो राहायचा नाही.

मात्र शब्द तपासणं वेगळं आणि अब्रू काढणं वेगळं. बलात्काराच्या खटल्यात बाईच्या चारित्र्यावर प्रश्न विचारायला कायद्याची बंदी आहे. अपमानाचा प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतो. तिथं आपला वकील झोपता कामा नये.

खरं बोलणारीला भय कशाचं, असं म्हणणं सोपं. भय असतं. गावात परत तिलाच राहायचंय. तेव्हा आरोपीचा प्रश्न बंद करायच्या मागं लागू नका. तारखेला तिच्यासोबत जा. गावात तिला एकटं सोडू नका. तिचं भय वाटून घ्या.

जयभीम.