कागदावरचं अ‍ॅव्हरेज

शोरूममध्ये "अ‍ॅव्हरेज किती देते?" असं विचारलं की सेल्समन माहितीपत्रकावरचा आकडा सांगतो, समजा लिटरला चोवीस. मग आवाज जरा खाली आणून स्वतःच पुढे म्हणतो, "कंपनी क्लेम आहे साहेब, तुम्ही सतरा-अठरा धरून चाला." गिऱ्हाईकही हसून मान डोलावतं. दोघांचं समाधान.

तसा हा आकडा खोटा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम चालकाने वेग कमी-जास्त करायचा, एसी बंद. ११८० सेकंदांत, म्हणजे वीस मिनिटांच्या आत, सगळं उरकतं आणि वेग ताशी ९० च्या वर जात नाही. त्यात खंबाटकी घाट नसतो, की गावाहून येताना डिकीत कोंबलेलं तांदळाचं पोतं नसतं. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजायच्या तर अशी ठरीव चाचणी हवीच. कुठली गाडी कमी पिते, हे तिच्यावरूनच कळतं. पण तुलनेसाठी काढलेला आकडा शोरूमपर्यंत येता येता आश्वासन होऊन बसतो.

उघड लबाडी वेगळी. २०१६ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या इंधन-चाचणीत आकडे फिरवल्याची कबुली दिली आणि कंपनीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. आपल्या शोरूममध्ये मात्र कुणीच गुन्हेगार नाही, आणि मला तेच जास्त खुपतं. "सगळ्यांना माहीत असतं हो!" सगळ्यांना म्हणजे कुणाला? ज्याची ही तिसरी गाडी आहे, त्याला. कर्ज काढून टुरिस्ट परमिटची पहिली गाडी घेणाऱ्याने हप्त्याचं गणित चोवीसवर बसवलं, तर त्याचं काय चुकलं? महिन्याला पाच हजार किलोमीटर धरले, तरी चोवीस आणि सतरामधला फरक जवळपास ८६ लिटर डिझेलचा होतो. छापील शब्दावर विश्वास ठेवला, म्हणून दंड त्यानेच भरायचा. (आपणही काही साळसूद नाही. उद्या एखाद्या कंपनीने खरे सतरा छापले, तर "फार पिते बुवा" म्हणत आपण शेजारच्या शोरूममध्ये शिरू.)

युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांना इंधनाचा प्रत्यक्ष खप नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्या नोंदी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केल्या. तिथली चाचणी आधीच कडक केलेली, तरीही पेट्रोलच्या गाड्या कागदावरच्यापेक्षा सुमारे २४ टक्के जास्त जाळत होत्या.

आपल्याकडे टाटांनी इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत चाचणीतल्या रेंजशेजारी प्रत्यक्ष वापरात मिळू शकेल अशी रेंजही सांगायला सुरुवात केली. ही सुबुद्धी आधी विजेच्या गाड्यांनाच का सुचावी? चार्जिंग संपलं की ती गाडी शिरवळच्या पुढे रस्त्यातच उभी राहते आणि मालक तिथूनच कंपनीला फोन लावतो. पेट्रोलच्या गाडीला पुढच्या वळणावर पंप सापडतो. लिटरमागे कमी पडलेले सात किलोमीटर मालक मुकाट्याने खिशातून भरतो, आणि कंपनीचा फोन काही वाजत नाही.