थकलेल्या वेतनाचा प्रश्न

संस्था अडचणीत असताना हक्काचे वेतन मागावे काय? २०१९ साली मुंबईच्या जेट एअरवेजच्या वैमानिकांपुढे हाच पेच होता. पगार थकलेले, तरी बँकांच्या योजनेस अवधी मिळावा म्हणून १ एप्रिलपासून उड्डाणे थांबविण्याचा निर्धार त्यांनी लांबणीवर टाकला. १७ एप्रिलला सेवाच थांबली.

मुरबाडच्या कारखान्यातील, शहापूरच्या शेतावरील मजुरालाही 'पुढच्या आठवड्यात देतो' हे शब्द परिचित आहेत. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम'मध्ये न्याय्य वेतनाचे तत्त्व कराराहूनही श्रेष्ठ मानले. धीर धरणे हा सद्गुण खरा. परंतु तो मागणाऱ्याने आधी हिशेबाची वही उघडावी. अंधारात ठेवून घेतलेला त्याग हा त्याग नव्हे, ती सक्ती होय, असे आम्हांस वाटते.